अडसर ते अंगठा : आमच्या घराच्या दाराचा शंभर वर्षांचा हिशेब



गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घराला नवे कुलूप बसले. बोटाच्या ठशाने आणि आकड्यांनी उघडणारे, मुले ज्याला स्मार्ट लॉक म्हणतात ते. मला वाटले होते, आठवडाभरात काम होईल. साडेतीन महिने लागले. वस्तू निवडण्यात फारसा वेळ गेला नाही. घरात कोणी, केव्हा आणि कोणाला विचारून यायचे, हे ठरवण्यात गेला. अडतीस वर्षे बँकेत किल्ल्या सांभाळल्या म्हणून हे काम सगळ्यांनी माझ्यावर टाकले, आणि त्या निमित्ताने दाराचा सगळा जुना हिशेब निघाला. तो इथे मांडतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांची घरे अशीच सामायिक आहेत.

आमचे पणजोबा कोकणातून बडोद्याला आले ते श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळात. खानगी खात्यात कारकुनी मिळाली. १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारे आणि १९०८ साली बँक ऑफ बडोदा काढणारे हे राज्य. अशा ठिकाणी नोकरी लागली की माणूस परत जायचे नाव काढत नसे. पणजोबांनीही इथेच घर बांधले. पुढे ओटला, मग मोठे दुफळी दार, त्यात वाकून जाण्यापुरती दिंडी, आत चौक आणि भोवती खोल्या.

या दाराला बाहेरून कुलूप लावायची सोयच नव्हती. होता तो अडसर. भिंतीच्या पोटात सरकणारा सागवानी दांडा. रात्री ओढला की दोन्ही फळ्या आणि दिंडी, सगळेच अडायचे. अडसराची एक गंमत आहे, ती मला या वयात नीट कळली. तो लावायला माणूस आत लागतो. अडसराचे घर हे गृहीत धरते, की घरात कोणीतरी कायम असणारच. आमच्याकडे एकेकाळी एकवीस माणसे पंगतीला असत, तेव्हा ते खरेच होते. 'घर रिकामे' ही कल्पनाच नव्हती. कुलपे होती ती आतली. आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. कोठी, दुधाचे कपाट, दागिन्यांची पेटी. दाराची किल्ली त्यात नव्हती, कारण दाराला किल्लीच नव्हती.

बाहेरचे जग तोवर कुलपात फार पुढे गेले होते. इजिप्तमध्ये हजारो वर्षांपूर्वी लाकडी खुंट्यांचे कुलूप होते. योग्य किल्ली घातली की खुंट्या वर उचलल्या जात आणि दांडा सरके. तेच तत्त्व धातूत आणि लहान आकारात आणून अमेरिकेच्या लायनस येल याने १८६१ साली पेटंट घेतले. आज आपल्या फ्लॅटच्या दाराला जी चपटी, दातेरी किल्ली लागते ती त्याच घराण्यातली. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा या कारागिराने १७८४ साली एक कुलूप केले आणि पुढे ते लंडनच्या दुकानाच्या खिडकीत ठेवून आव्हान दिले, की किल्लीवाचून जो उघडेल त्याला २०० गिनी. साठ वर्षे कोणाला जमले नाही. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्स नावाच्या अमेरिकन माणसाने ते उघडले. सोळा दिवसांत मिळून सुमारे एक्कावन्न तास लागले म्हणे. चब कंपनीचे तेव्हाचे नावाजलेले कुलूप मात्र त्याने पंचवीस मिनिटांत उघडले होते. बँकेत लागल्यावर मी हे वाचले आणि एक गोष्ट मनात धरली. न उघडणारे कुलूप नसते. कुलूप वेळ मिळवून देते, बाकीचे काम माणसांनी करायचे.

आपल्याकडे १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपे करायला सुरुवात केली. शिक्षणाने वकील, शस्त्रक्रियेची हत्यारे करून पाहिली, ते जमले नाही, मग कुलपांकडे वळले. त्यानंतर कितीतरी मराठी-गुजराती घरांत 'गोदरेजचं' म्हणजे 'पक्कं' असा अर्थच झाला.

आमच्या दाराला बाहेरून पहिले कुलूप लागले ते विलीनीकरणानंतर. १ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात गेले. संस्थानी नोकऱ्या विखुरल्या, एक चुलत आजोबा मुंबईला गेले, दुसरे पुण्याला. १९५१ साली पुण्यातल्या एका लग्नासाठी प्रथमच सगळे घर एकदम बाहेर पडले, आणि निघायच्या आदल्या दिवशी लक्षात आले, की दार बाहेरून बंद कसे करायचे? सुताराकडून दिंडीला कडी-कोयंडा ठोकून घेतला आणि पितळी कुलूप आणले. वडील हे हसत हसत सांगत. मला आता वाटते, एकत्र कुटुंब ओसरायला लागले त्याची पहिली नोंद त्या कोयंड्याची आहे.

आता जी गोष्ट लिहायची ती सोपी नाही, पण तिच्याशिवाय हा हिशेब जुळत नाही.

आमची आत्या लग्नानंतर सहा वर्षांत विधवा होऊन माहेरी आली आणि पुढे चाळीस वर्षे याच घरात राहिली. मला तिनेच वाढवले म्हटले तरी चालेल. तिला एकच हौस होती, कीर्तनाची. १९७६ च्या उन्हाळ्यात एक रात्री ती कीर्तनाला गेली होती. वडिलांचे गुडघे दुखत म्हणून अडसर लावायचे काम माझ्याकडे आले होते. घराचा नियम दहाचा. मी दहाला अडसर ओढला. आत्या आत आहे की नाही, पाहिले नाही. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा, बँकेत लागून चार वर्षे झालेली.

सकाळी दूधवाल्याने कडी वाजवली, मी दिंडी उघडली, तर आत्या ओटल्यावर भिंतीला टेकून बसलेली. काकांना ताप होता, त्यांची झोप मोडू नये म्हणून तिने दार वाजवले नाही. मला म्हणाली, "उकाडा होता रे, बाहेर बरं वाटलं." आणि पदर झटकून आत चहा ठेवायला गेली.

घरात थोडी बोलाबोली झाली. काका म्हणाले, दिंडीला चांगले कुलूप बसवा आणि चार किल्ल्या करा. किल्ल्या झाल्या. एक वडिलांना, एक काकांना, एक मला, एक धाकट्या भावाला. अडसर दहालाच लागत राहिला. आत्याने त्यानंतर रात्रीच्या कीर्तनाला जाणे सोडले. आम्ही म्हणालो, वय झाले. ती तेव्हा पन्नाशीचीही नव्हती.

गंमत पाहा, त्याच दिवसांत मी बँकेत रोज काय करत होतो? स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या. एक अकाउंटंटकडे, दुसरी हेड कॅशिअरकडे. एकट्याने दार उघडत नाही. किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात गेली की रजिस्टरात तारीख, वेळ, दोन सह्या. जादा संच सीलबंद पाकिटात दुसऱ्या शाखेत. याला जॉइंट कस्टडी म्हणतात. नव्या पोरांना वाटे, बँकेचा आपल्यावर विश्वास नाही. मी त्यांना सांगत असे, की उलट आहे. एकट्याच्या डोक्यावर ओझे नको आणि एकट्याच्या हातात सत्ताही नको, म्हणून दोन किल्ल्या. हे शहाणपण मी बँकेच्या दारात ठेवून घरी येत होतो.

पुढे सीएआयआयबीच्या परीक्षेसाठी कायदा वाचताना १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा समोर आला. आजोबा १९६१ साली मृत्युपत्र न करता गेले, म्हणजे त्यांच्या वाट्यात आत्याचाही हिस्सा होता. त्या कायद्यात २३ वे कलम होते. राहत्या घराची वाटणी मागायचा हक्क स्त्री वारसाला नाही, पुरुष वारसांनी वाटणी करायची ठरवली तरच. मुलीला त्या घरात राहायचा हक्क, पण तोही ती अविवाहित, नवऱ्याने टाकलेली, वेगळी राहणारी किंवा विधवा असेल तरच. म्हणजे आत्या घरात होती ती आमच्या उपकाराने नव्हे. आम्ही मात्र तसेच वागत होतो. कलम वाचून मी पुस्तक मिटले आणि परीक्षा पास झालो. घरी काही बोललो नाही. आत्या १९९४ साली गेली. किल्ली तिच्या हातात कधीच आली नाही.

९ सप्टेंबर २००५ पासून ते २३ वे कलम गेले आणि मुलगी जन्मानेच मुलाच्या बरोबरीची सहदायाद झाली. माझी धाकटी बहीण इंदूरला असते. प्रॉपर्टी कार्डावर तिचे नाव मीच खेटे घालून चढवले. नाव चढले, किल्ली नाही. तिनेही मागितली नाही.

आता गेल्या वर्षीच्या कुलपाकडे येतो. घरात सध्या तीन बिऱ्हाडे. मी आणि सौ., धाकट्या भावाचे कुटुंब, आणि चुलत वहिनी, वय अठ्ठ्याहत्तर. भावाची सून इस्पितळाच्या लॅबमध्ये आहे, पाळीची ड्युटी. एका रात्री ती दीड वाजता आली. तिच्याकडे किल्ली होती. कुलूप उघडले, पण अडसर आत. मी समजलो होतो ती आली आहे. नवरा परगावी, सासऱ्यांचा फोन बंद, माझा फोन चार्जिंगला लावलेला, दुसऱ्या खोलीत. पाऊण तासाने सौ.ना जाग आली आणि तिने मला उठवले. मी अडसर काढून दिंडी उघडली, तर सूनबाई ओटल्यावर, भिंतीला टेकून. "असू दे काका, बसले होते निवांत," म्हणाली.

मला त्या रात्री पुन्हा झोप लागली नाही. सकाळी मीच म्हटले, स्मार्ट लॉक आणा.

पुतण्याने चार-पाच माहितीपत्रके आणली. पहिला प्रश्न दाराचा निघाला. बरीचशी नवी कुलपे एकफळी दारासाठी असतात, आणि लाकडात खोल खाच पाडून आत बसवायची असतात. शिवाय दाराच्या जाडीची मर्यादा असते. आमच्या दुफळी दाराला हे बसणारे नव्हते. सुताराने तोडगा सांगितला. दिंडी एकफळी आहे, तिला स्वतःची चौकट आहे, तिच्या आतल्या अंगाला बाहेरून दिसणारी खाच न पाडता बसणारे, रिम प्रकारचे घ्या. ज्यांची दारे जुनी आहेत त्यांनी आधी सुताराला दाखवा, मग पैसे भरा.

दुसरा प्रश्न बोटांचा. आमच्या वहिनींचा ठसा यंत्र घेईना. साठ वर्षे पीठ मळले, भांडी घासली, बोटांच्या रेषा झिजल्या. आधारच्या वेळीही असेच झाले होते. त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी आपली साधी किल्लीच बरी." पण मी ठरवलेच होते, की असे कुलूप घ्यायचे ज्यात ठसा, आकडे, कार्ड आणि साधी किल्ली, चारही चालतील. त्यांना कार्ड दिले. ते त्यांनी पोथीच्या पिशवीला अडकवले आहे.

तिसरा प्रश्न विजेचा. ही कुलपे पेन्सिल सेलवर चालतात. सेल उतरत आले की कुलूप आवाज करते, पण ऐकणारा हवा. म्हणून बाहेरून तात्पुरती वीज द्यायची सोय आहे ना, हे पाहिले. मी सेल बदलायच्या दोन तारखा भिंतीच्या कॅलेंडरवर लिहून ठेवल्या, दिवाळी आणि अक्षय्य तृतीया.

चौथा प्रश्न इंटरनेटचा. पुतण्याला वायफायवाले हवे होते, म्हणजे ऑफिसातून दार उघडता येईल. मी अडलो. वायफायने सेल लवकर उतरतात. दुसरे म्हणजे, आपले दार कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून का ठेवायचे? ती सेवा उद्या बंद झाली तर? शेवटी ब्लूटूथवर तडजोड झाली. पाचवे, आतून दार उघडायला काहीही लागता कामा नये. आग लागली तर आकडे कोण आठवणार?

हे सगळे पंधरा दिवसांत उरकले. नंतरचे तीन महिने दोनच गोष्टींवर गेले.

पहिली, अडसर. भाऊ म्हणाला, स्मार्ट लॉक लावा, पण रात्री दहाला अडसर लागलाच पाहिजे, घराची पद्धत आहे. मी म्हटले, अडसर लागणार असेल तर बोटाचा उपयोग काय? बाहेरचा माणूस बाहेरच. फार वाद झाला. जुने दिवस, घराची अब्रू, सगळे निघाले. शेवटी मी आत्याची ती रात्र सांगितली. भावाला ती आठवत नव्हती, किंवा आठवत असून त्याने कधी विचार केला नव्हता. तो उठून आत गेला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तू लावत होतास, तूच बंद कर." आता अडसर भिंतीच्या पोटात आहे, स्क्रूने पक्का केलेला. पन्नास वर्षांची सवय, आजही दहाला माझी पावले तिकडे वळतात.

दुसरी गोष्ट, 'अ‍ॅडमिन'. ज्याच्या हातात अ‍ॅडमिन तो कोणालाही जोडतो, कोणालाही काढतो, आणि कोण किती वाजता आले हे पाहतो. सुरुवातीला ते पुतण्याच्या मोबाईलवर होते. पहिल्याच आठवड्यात चहाच्या वेळी भाऊ सहज म्हणाला, "काल बाराला आठ मिनिटं होती वाटतं." सूनबाईने कप खाली ठेवला. कोणीच काही बोलले नाही. तिची पाळी अकराला संपते, हे सगळ्यांना माहीत होते. पण आता ते वेळेनिशी, नावानिशी लिहिले जात होते. जुन्या घरात आजी ओसरीवर बसून पाहायची, निदान समोर तरी असायची.

मग मी बँकेची पद्धत काढली. मोबाईलवरचे इशारे बंद केले. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलून त्याचे दोन तुकडे केले. अर्धा माझ्याकडे, अर्धा सूनबाईकडे. चोरी झाली किंवा तसेच काही घडले तरच नोंदी पाहायच्या, तेही दोघांनी समोरासमोर बसून. कोणाला जोडायचे किंवा काढायचे तेही दोघांनीच. दोन्ही तुकडे सीलबंद पाकिटात वहिनींच्या पेटीत. एक वही केली आहे, तारीख, काय बदलले, दोन सह्या. मुले हसतात. हसू देत.

कामाच्या बाईंना वेगळा आकडा दिला आहे, तो सकाळी सात ते अकरा चालतो. त्यांना आधी विचारून दिला. त्या म्हणाल्या, काही हरवले तर माझे नाव येणार नाही ना? प्रश्न बरोबर होता. वहीत तेही लिहिले.

दिवाळीला बहीण इंदूरहून आली. मी तिला दिंडीपाशी नेले आणि म्हटले, अंगठा ठेव. "मला कशाला दादा, मी वर्षातून एकदा येते," म्हणाली. मी म्हटले, तरी ठेव. पहिल्या वेळी यंत्राने घेतले नाही. दुसऱ्याही वेळी नाही. तिने अंगठा पदराला पुसला, तिसऱ्यांदा ठेवला, हिरवा दिवा लागला. ती बाहेर गेली, दार ओढून घेतले, आणि स्वतः उघडून आत आली. मग परत एकदा तसेच केले. सौ. आतून ओरडल्या, "अहो, कोण सारखं दार वाजवतंय?" बहीण म्हणाली, "मीच गं वहिनी."

घराच्या कुलपाचा निर्णय घ्यायचा असेल त्यांना एवढेच सांगतो. दुकानात जाण्याआधी एका कागदावर घरातल्या आणि घरच्या सगळ्या माणसांची नावे लिहा. राहणारी, येणारी, सासरी गेलेली, कामाला येणारी. कोणाच्या हातात दार नाही ते पाहा. आम्ही तो कागद पन्नास वर्षे लिहिला नाही.

आपल्या घरी दाराची किल्ली कोणाकडे असे, आणि कोणाकडे नसे? इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगावच्या मंडळींनी जरूर लिहावे. वाचायला आवडेल.